न तुटलेली रबरं

१

पिशवी कोरडीच होती.

लालीच्या पलंगाच्या दांड्याला अडकवलेली ती लघवीची पिशवी आम्पारो पुन्हा पुन्हा वाकून बघत होती. जणू तिची पाठ वळली की तेवढ्यात काहीतरी उतरेल आणि ती परत बघायच्या आत सुकूनही जाईल. पोरीचं खरं नाव सित्लाली, पण ते नाव घरात कुणी घेत नसे. चार वर्षांची लाली. सुजलेल्या पापण्या, मेणासारखे गाल, आणि बोटाएवढ्या नळ्यांमधून तिचं रक्त एका यंत्रात जाऊन धुऊन परत येत होतं.

"जंतू गेला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "त्यानं सोडलेलं विष मात्र अजून आहे. मूत्रपिंडं जागी होतील किंवा नाही होणार. आपण वाट बघायची."

वाट बघणं आम्पारोला कधीच जमलं नव्हतं. नवरा, एफ्राइन, पोरीचा पाय हातात धरून बसला होता. त्याला ते जमत होतं.

आरोग्य खात्याच्या बाई सकाळी आल्या. "मुलीनं काय काय खाल्लं ते पुन्हा सांगा."

"सांगितलंय. कोशिंबीर. आमच्याच कारखान्यातली, गुरुवारची."

"पिशवी आहे?"

"टाकली."

"तिच्यावरची तारीख आठवते?"

पानं धुऊन पिशव्यांत भरणाऱ्या सलीनासच्या त्या कारखान्यात दर गुरुवारी कामगारांना लेट्यूसची एकेक पिशवी फुकट मिळायची. ज्यांच्यावर छपाई फसली आहे, अशाच पिशव्या त्यासाठी वापरत. त्यांच्यावर तारीख नसते.

"कारखाना म्हणतो, गडबड फक्त शनिवारच्या मालात झाली," बाई हळूच म्हणाल्या. "धुण्याच्या पाण्यात जंतू मारायला ओझोन वायू सोडतात, त्याची तोटी रविवारी सकाळी बंद सापडली. शनिवारच्या पाळीत ती कुणीतरी बंद ठेवली. आजाऱ्यांपैकी ज्या चौघांच्या घरी पिशव्या सापडल्या, त्या सगळ्या शनिवारच्याच. तो माल दुकानांतून उचललाय. तुमची मुलगी त्याच आठवड्यात जत्रेला गेली होती ना? बकऱ्यांना हात लावला होता? हा जंतू त्यांच्याकडूनही येतो."

"लावला होता."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. ते काय असणार हे आम्पारोला न वाचताही कळलं. बकऱ्या.

घरून लालीचं पांघरूण आणायला ती निघाली आणि वाटेतल्या दुकानात दुधासाठी थांबली. भाजीच्या थंड कपाटात तिच्या कारखान्याच्या पिशव्या ओळीनं उभ्या होत्या. तारीख जवळ आलेली, म्हणून एकावर एक फुकट. तिनं एक उलटून बघितली. त्याच आठवड्यातली, गुरुवारची.

तिनं सगळ्या पिशव्या ढकलगाडीत भरल्या.

"काय हो, लग्न आहे की काय घरी?" गल्ल्यावरची मुलगी हसली.

"आत अजून आहेत का?"

"हो, मागच्या खोलीत दोन खोकी आहेत. आणू?"

हे एक दुकान. अशी दुकानं थेट समुद्रापासून डोंगरापलीकडपर्यंत होती. लालीसाठी आता तिच्या हातात काही उरलं नव्हतं. पण या पिशव्या अजून कुणाच्या ताटात पडायच्या होत्या, आणि त्या अडवण्यासाठी तिच्याकडे होतं काय? एक टाकून दिलेली, तारीख नसलेली पिशवी.

२

ग्रेडी वाईट माणूस नव्हता. कारखान्याचा व्यवस्थापक म्हणून त्याला रोज जे करावं लागे, त्यामुळे तो तसा दिसायचा एवढंच. आम्पारोला बघून तो उठून उभा राहिला.

"तू इथे कशी? पोरीपाशी थांब. मालाची तपासणी दुसरी कुणीतरी करेल."

"गुरुवारचा मालही परत बोलवा."

"आम्पारो…"

"माझ्या लालीनं गुरुवारचीच पानं खाल्ली."

त्यानं संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "हा गुरुवारचा मीटर. बघ, रेघ कशी सरळ आहे. पाण्यात ओझोन होता. नुसत्या तुझ्या शब्दावर मी अर्ध्या राज्यातून माल उचलायला लावू? उद्या हा दरवाजाच बंद होईल, मग इथल्या दोनशे बायकांच्या चुली तू पेटवणार?"

"शनिवारचा दाखवा."

त्यानं दाखवला. तीही रेघ सरळच होती.

दोघंही त्या रेघेकडे बघत राहिले.

"तोटी बंद होती," आम्पारो सावकाश म्हणाली. "पाण्यात ओझोन नव्हता. तरी मीटर म्हणतो होता. हे कसं?"

"तोबियासनं काहीतरी खाटखूट केली असणार. त्या दिवशी यंत्रावर तोच होता. दारुडा माणूस."

"शनिवारी मीटर खोटं बोलू शकतो, तर गुरुवारी का नाही?"

ग्रेडीनं चष्मा काढून डोळे चोळले. "संध्याकाळी मी तोबियासचं नाव खात्याला कळवणार आहे आणि हे प्रकरण मिटवणार आहे. त्याआधी मला काहीतरी दाखव. पण हातात धरता येईल असं दाखव. आईचं काळीज नको."

३

तोबियास आपल्या फिरत्या घराच्या पायरीवर बसून बूट घासत होता.

"या, तपासनीसबाई! हात तपासायचेत की तोंडाचा वास घ्यायचाय?"

"तोबियास, माझी लाली दवाखान्यात आहे."

त्याच्या हातातला ब्रश थांबला. "ऐकलं मी. बस ना. कॉफी घेतेस?"

"तू तोटी बंद केलीस का?"

"आईची शपथ, हातसुद्धा लावला नाही. मी आपला वर पडद्यासमोर. पितो मी, नाही म्हणत नाही, पण कामावर नाही. आकडा बरोबर होता. आकडा बरोबर असला की मी कशाला खाली उतरू?"

"एकदाही उतरला नाहीस?"

"एकदा. सँडविच खाली राहिलं होतं." तो जरा आठवत राहिला. "तेव्हा वास आला एक. मीटरच्या बाजूला."

"ओझोनचा?"

"नाही गं. वीज कडाडल्यावर येतो तसा त्याचा, तो तर आता माझ्या नाकाला कळतसुद्धा नाही. हा वेगळा होता. पोहायच्या तलावावर येतो ना, तसा. म्हटलं बायकांनी फरशी धुतली असेल." तो कोरडं हसला. "गंमत बघ, बारा गावांत मला दारूच्या वासानं ओळखतात, आणि माझ्या मदतीला आला तो असला वास."

वळणावरून आम्पारोनं मागं बघितलं. तो पुन्हा बूट घासायला लागला होता. ते बूट त्याला कुठं घालून जायचे होते, कुणास ठाऊक.

४

जेवणाच्या सुट्टीत पानं धुण्याच्या ओळीवरच्या बायका मागच्या भिंतीपाशी उन्हात बसायच्या, कारण आत हाडं गोठतील इतकी थंडी. आम्पारोला बघताच सगळ्या उठल्या. सर्वांत आधी तिला छातीशी धरलं दोन्या देल्फिनानं.

देल्फिना ओळीची मुकादम, म्हणून नावाआधी मानाचं 'दोन्या'. लालीच्या बाप्तिस्म्याला तिनंच पोरीला हातांवर घेतलं होतं. तेव्हापासून ती लालीची धर्ममाता, आणि या दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणायच्या. सख्ख्या बहिणींपेक्षा कांकणभर जास्तच असं ते नातं.

"खाल्लंस काही? नाही खाल्लंस. तोंडावरून दिसतंय. हे मक्याचे तामाले घे, आणि एफ्राइनला दे. तो उपाशी राहून देवावर उपकार करतोय का?" बोलता बोलता तिनं डोळे पुसले. तिच्या गडद तांबड्या स्वेटरच्या बाहीला मनगटापाशी फिके गुलाबी ठिपके पडले होते. आम्पारोला वाटलं, रडून रडून रंगसुद्धा विटला.

"नायेली दिसत नाही?"

नायेली देल्फिनाची सून. पाचवा महिना लागलेला.

"घरी आडवी. तुला ठाऊक नाही? त्या आठवड्यात मंगळवारी ओळीवरच खोकून खोकून चक्कर येऊन पडली. आणि शनिवारी पोटात दुखायला लागलं, हातातलं टाकून पळालो आम्ही. डॉक्टर म्हणाले, बाळंतपणापर्यंत उठायचं नाही. बाळ आहे, देवाची कृपा." तिनं क्रूस केला.

"शनिवारी ओळीवर कोण कोण होतं, कोमाद्रे?"

"आम्हीच. अजून कोण असणार? ग्रेडीसाहेब त्या आठवड्यात लॉस एंजेलिसला, सुटाबुटात."

टक्कन आवाज झाला. चेला नावाची बाई चिडून उठली. तिच्या हातमोज्याच्या मनगटावरचं रबर तुटून उडालं होतं. कांद्याच्या पातीच्या जुड्यांना लावायची ती निळी रबरं. मोज्यात पाणी शिरू नये म्हणून सगळ्या बायका ती मनगटाला ताणून बांधत. नियमात बसत नव्हतं. आम्पारोनं कितीदा रागवून बघितलं होतं, आणि प्रत्येक वेळी बायकांनी मान डोलावून दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधली होती.

"रागवू नकोस गं, पोरी," देल्फिनानं खिशातून नवं रबर काढून चेलाला दिलं. "रोजचंच आहे. मध्ये एक आठवडा मात्र काय गुणी रबरं होती! बुधवारी एकदा बांधली ती शनिवारपर्यंत तशीच. सोमवारपासून पुन्हा ये रे माझ्या मागल्या."

"नवं खोकं काढलं असेल."

"कुठलं नवं? वर्षाचं एकच खोकं येतं."

आम्पारोनं मान हलवली. तिचं लक्ष नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर ती पिशवी होती, दांड्याला अडकवलेली, कोरडी.

५

"मीटर खोटं बोलला नाही," बेनिग्नो म्हणाला. "तुम्ही त्याला चुकीचा प्रश्न विचारताय."

ओझोन बनवणारं यंत्र त्याच्या ताब्यात होतं. फिलिपिनो माणूस, आवाज कधी चढायचा नाही. शनिवारी तो यंत्राला हात लावत नसे. त्याच्या पंथात शनिवार हा देवाचा दिवस. आठवडाभर यंत्रावर तो, शनिवारी तोबियास.

"म्हणजे?"

"या मीटरला ओझोन ओळखू येत नाही. पाणी किती तिखट आहे एवढंच कळतं. तिखटपणा कशाचा, हे त्याला कोण सांगणार? तिथं कपभर ब्लीच ओतलं तरी तो खूश."

तलावाचा वास. तोबियासनं सांगितलेला.

"मग कपभर ब्लीचनं पानंही धुतली जातील?"

"अख्ख्या हौदाला? पानांबरोबर येणारी मातीच ते घटकेत खाऊन टाकते. जंतू शेतातून येणारच. आमचं काम त्याला इथं अडवायचं." बोलता बोलता तो नळीच्या सांध्यातली चकती बदलत होता. जुनी चकती त्यानं तिच्या तळहातावर ठेवली. ती भेगाळलेली होती, उन्हात पडलेल्या चिखलासारखी.

"हे काय झालं?"

"खरेदीवाल्यांनी स्वस्तातलं रबर पाठवलं. ओझोनचं आणि रबराचं हाडवैर. ढिलं असेल तर थोडे दिवस तरी टिकतं. ताणलेलं असलं की संपलंच. जिथं ओझोन आहे, तिथं ताणलेलं रबर…"

पुढचं आम्पारोला ऐकूच आलं नाही.

मध्ये एक आठवडा मात्र काय गुणी रबरं होती.

खोकं तेच, मनगटं तीच, रबरंही तीच. बुधवारी तुटली नाहीत, गुरुवारी नाहीत, शनिवारी नाहीत. सोमवारपासून पुन्हा तुटायला लागली. त्या चार दिवसांत ओळीवर ओझोन नव्हताच. आता तिच्याकडे हातात धरता येईल असं काहीतरी होतं.

पण त्याच्यामागून दुसरी गोष्ट आली, आणि ती तिला नको होती. गुरुवारी तोबियास कामावर नव्हता. शनिवारी बेनिग्नो देवळात होता. ग्रेडी तर गावातच नव्हता. दोन्ही दिवशी तोटीपाशी उभ्या होत्या फक्त ओळीवरच्या बायका, आणि वास फार झाला की तोटी जराशी आवळायची मुभा त्यांच्यातल्या एकीलाच होती. सुरुवात नायेली ओझोनच्या वासानं खोकून चक्कर येऊन पडल्याच्या दुसऱ्या दिवशी. शेवट नायेली घरी बसली तेव्हा.

आणि ते ठिपके रडण्याचे नव्हते. तांबडा रंग असा उडतो तो ब्लीचनं.

"बाई, तुम्ही खाली बसा," बेनिग्नो घाबरून म्हणाला. "कुणाचा हात आहे यात?"

आम्पारोनं चकती मुठीत घट्ट धरली. "माझ्या लेकीला ज्या हातांनी देवाला दाखवलं ना," ती म्हणाली, "ते हात."

६

पाळी सुटल्यावर ती देल्फिनाच्या दारात उभी राहिली. स्वयंपाकघराच्या मोरीत मोठं पातेलं होतं, त्यात कोथिंबीर बुडवलेली. बाजूला ब्लीचची बाटली आणि थेंब सोडायची नळी.

"ये, ये. पोरगी कशी आहे?" देल्फिना वळली, आणि आम्पारोच्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, तिचे ओले हात तसेच हवेत राहिले.

आम्पारोनं भेगाळलेली चकती टेबलावर ठेवली. तिच्याशेजारी एक निळं रबर ठेवलं. मग जे जसं होतं तसं सांगितलं, आवाज न चढवता. रबरं, ब्लीच, मीटर, दिवस.

देल्फिनानं खोटं बोलून बघितलंच नाही. तिनं खुर्ची ओढली आणि नुसतंच तिच्या पाठीला धरून उभी राहिली.

"पोटातलीच दोन गेलीत तिची आधी," ती दबक्या आवाजात म्हणाली आणि शेजारच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. "या खेपेला खोकताना ती पोट धरायची, असं. मी ग्रेडीकडे गेले. म्हटलं, हिला पलीकडे पिशव्या भरायला टाका. म्हणाला, जागा नाही. पुन्हा गेले. जागा नाही. मग मी तोटीच बंद केली. तेवढी पाळी संपेपर्यंत. संपली की उघडायचे. शनिवारी तिला दुखायला लागलं आणि राहून गेलं."

"आणि पानं?"

"पानं मी घाणेरड्या पाण्यात धुतली असं वाटतं तुला?" ती एकदम उसळली. "ब्लीच घातलं मी! आईनं शिकवलं, आजीनं शिकवलं. पातेल्याला चार थेंब. तूही घरी तेच करतेस. इतकी वर्षं कोण मेलं आमच्यात? ते यंत्र आलं आत्ता आत्ता!"

"ते पातेल्याला, कोमाद्रे. तिथं तळं आहे. आणि तू ओतलंस ते मीटरच्या तोंडात."

"आकडा उतरला की भोंगा होतो, तो वाजू नये म्हणून. वाटलं, पुढं पसरेलच की."

मोरीत नळ ठिबकत होता. मग देल्फिनाला काहीतरी आठवलं. आठवताना ते तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं, आणि आम्पारोला ते बघवेना.

"गुरुवारची पिशवी," देल्फिना म्हणाली. "तुझी. ती मीच… मी निवडून भरली होती. कोवळी कोवळी पानं. माझ्या लालीला आवडतात म्हणून."

"हो."

"मार मला."

"मारून काय होईल?" आम्पारोचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "लालीसाठी मला काही करता येत नाही गं. काहीच नाही! पण त्या पिशव्या आज दुकानात एकावर एक फुकट मिळतायत. रबर दाखवलं तर ग्रेडी म्हणेल, रबरच ते. तोबियासचं नाव जाईल, फक्त शनिवार धरतील, संपलं. तू सांगितलंस तर बुधवारपासूनचं सगळं उचलावं लागेल."

"मला तुरुंगात घालतील. हिच्याकडे कोण बघेल?"

"मला माहीत नाही."

शेजारच्या खोलीचं दार करकरलं. नायेली भिंतीला धरून उभी होती, एक हात पोटावर. तिनं सगळं ऐकलं होतं.

"सासूबाई," ती म्हणाली, "तुम्ही नाही गेलात तर मी उठून जाईन."

"आडवी हो आधी!" देल्फिना ओरडली, आणि तोंडावर हात धरून रडायला लागली.

७

ग्रेडीच्या टेबलावर देल्फिनानं आपला तांबडा स्वेटर पसरला, उन्हात वाळत घालावा तसा, ठिपक्यांची बाही वर ठेवून. आम्पारोनं शेजारी रबर ठेवलं. देल्फिना बोलत होती तोवर ग्रेडी हलला नाही. "मी तुमच्याकडे जागा मागितली होती," या वाक्याशी मात्र त्याची नजर खाली गेली आणि ती पुन्हा वर आली नाही. मग त्यानं फोन उचलला.

"बुधवारपासूनचा," तो कुणाला तरी म्हणाला. "हो, सगळा. आणि तोबियासचं नाव काढा."

दवाखान्यापर्यंत देल्फिनानंच आपल्या जुन्या गाडीतून आम्पारोला सोडलं. वाटेत कुणी बोललं नाही. गाडी थांबल्यावर देल्फिनानं हात चाकावरून काढले नाहीत. "मी इथंच बसते," ती म्हणाली. "वर यायचं तोंड नाही मला."

आम्पारो एकटीच वर गेली. लिफ्टमधून तिच्याबरोबर एक अनोळखी बाई उतरली. कडेवर मूल, मान खांद्यावर पडलेली. परिचारिकेनं त्या बाईच्या हातात एक कागद दिला. आम्पारोला तो कागद पाठ होता. मुलानं मागच्या दिवसांत काय काय खाल्लं? ती बाई उभ्या उभ्या आठवायला लागली.

आम्पारो भिंतीला टेकली. उशीर झाला होता. सगळ्यांसाठी नाही, पण हिच्यासाठी झाला होता.

खोलीच्या दारात एफ्राइन उभा. त्याचा चेहरा वेडावाकडा झाला होता. त्यानं नुसतं बोट दाखवलं.

दांड्याला अडकवलेल्या पिशवीच्या तळाशी, एका कोपऱ्यात, काहीतरी पिवळं होतं. चमचाभर. तेवढंही नसेल.

"अजून आनंद करू नका," परिचारिका म्हणाली, पण स्वतःच हसत होती. "लांबचा पल्ला आहे."

आम्पारो गुडघ्यांवर बसली आणि पिशवीला गाल लावला. ती कोमट होती. चार वर्षांत या पोरीचे किती कपडे तिनं वैतागत धुतले होते, किती गाद्या उन्हात टाकल्या होत्या. आता हे चमचाभर सोन्यासारखं दिसत होतं.

बऱ्याच वेळानं ती उठून खिडकीशी गेली. खाली ती जुनी गाडी तशीच उभी होती, आणि काचेआड चाकावर टेकलेलं करडं डोकं.

"एफ्राइन, खाली जा. तिला सांग, लालीनं सू केली."

"तूच जा ना. तुझी कोमाद्रे आहे ती."

आम्पारोनं मान हलवली. ग्रेडीच्या टेबलावरून परत उचललेलं ते निळं रबर अजून तिच्या मुठीत होतं. कधी कोण जाणे, तिनं ते बोटांना गुंडाळून ताणून धरलं होतं. तुटत नव्हतं.

"आज नाही," ती म्हणाली. "पण तू पळत जा."